तोंड एक, चाल निराळी

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नसराईतली गोष्ट आहे. नवी पेठेतल्या माझ्या दुकानात एक ओळखीचा फोटोग्राफर तणतणत आला. हातात नवीकोरी एसएसडी, म्हणजे डेटा ठेवायची वेगवान डिस्क. "मालक, तुम्ही म्हणाला होता, शंभर जीबी पाच मिनिटांत ओढंल. अर्धा तास झाला, अजून हळदच चालू हाय की!"

डिस्क तपासली, चांगली. लॅपटॉपही चांगला. मग वायर बघितली. गडी मोबाईलच्या चार्जरची वायर लावून बसला होता. दोन्हीकडे टाइप-सीची पिन, बसलीही व्यवस्थित. पण आतल्या तारा यूएसबी २.० च्या, म्हणजे २००० सालच्या चालीच्या! कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ६० मेगाबाइट झाले, आणि प्रत्यक्षात पदरात पडतात तीस-पस्तीस. त्या हिशेबानं शंभर जीबीला पाऊण तासावर वेळ लागणारच. डिस्कच्या डब्यात तिची स्वतःची वायर तशीच गुंडाळलेली पडली होती. ती लावली आणि चहा येईपर्यंत वरात निघाली.

जुन्या काळी ही फसगत होणं शक्यच नव्हतं. कॉम्प्युटरच्या पाठीमागे जवळजवळ प्रत्येक भोक वेगळं. जांभळं गोल कीबोर्डचं, हिरवं गोल माउसचं, नऊ काड्यांचं मोडेमचं आणि पंचवीस भोकांचं लांबडं प्रिंटरचं, दोन बाजूंनी स्क्रू आवळायचं. कीबोर्ड-माउसची दोन गोल भोकं सारख्या आकाराची, ती रंगावरून ओळखायची; बाकी चुकीची पिन बसायचीच नाही. दुसरा त्रास मात्र होता: मशीन चालू असताना वायर काढली-घातली तर पोर्ट जळायची भीती, आणि नवं काही जोडलं की मशीन बंद करून पुन्हा चालू करा.

हा पसारा आवरायला १९९६ साली यूएसबीचं पहिलं मानक आलं. इंटेलमध्ये ज्यांच्या पुढाकारानं हे काम झालं ते अजय भट्ट, आपल्या बडोद्याला शिकलेले. वेग जास्तीत जास्त १२ मेगाबिट. पहिली दोन वर्षं फारसं कोणी विचारलं नाही. १९९८ साली अ‍ॅपलनं आयमॅकवरची जुनी भोकं काढून टाकून यूएसबी ठेवलं, आणि मग यूएसबीचा माउस-प्रिंटर बनवण्यात कंपन्यांना अर्थ दिसू लागला.

मला नेहमी विचारतात, प्रिंटरच्या जुन्या वायरीत आठ तारांवरून आठ बिट एकदम जायचे, यूएसबीत एकामागून एक जातात, तरी यूएसबी जलद कशी? आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज, त्या उंच काठ्या, आठवा. सातही काठ्यांनी एकमेकींना धरून चालायचं, पुढच्यानं मागच्यासाठी थांबायचं. मिरवणूक देखणी, पण घाईचं काम नाही. आठ तारांचं तसंच. आठही बिट एका वेळी पोचले पाहिजेत, वेग वाढवला की कोणीतरी मागं राहतो. एकट्या माणसाला असली वाट बघावी लागत नाही, तो पळत सुटतो.

एक फायरवायर नावाचं पोर्ट होतं, आठवतंय? मिनी-डीव्ही कॅसेटच्या जमान्यात लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांचा जीव त्यावर. कागदावर ४०० मेगाबिट, यूएसबी २.० पेक्षा कमी, पण मोठी फाइल ओढायला तेच सरस. यूएसबीत प्रत्येक गोष्ट कॉम्प्युटरनं विचारायची, मग पलीकडच्यानं उत्तर द्यायचं. फायरवायरची उपकरणं आपापसात बोलायची. चांगली चीज होती. पण यूएसबी स्वस्त, आणि बाजारानं स्वस्ताला हात दिला. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

२००८ ला यूएसबी ३.० आली. वेग ५ गिगाबिट, आतले पोर्ट बहुधा निळे. चार तारा होत्या, त्यात पाच वाढल्या. त्या पाचांचे संपर्क पिन पूर्ण आत गेल्यावरच टेकतात. म्हणून पेनड्राइव्ह अगदी हळू सरकवला, तर जुने चार आधी टेकतात आणि कॉम्प्युटर कधीकधी त्याला जुना समजून जुन्याच चालीनं चालवतो. काढून झटक्यात बसवा. ही युक्ती सांगितली म्हणून एका गिऱ्हाइकानं मला शेंगाचटणी आणून दिली होती.

नावांचा घोळ तर विचारूच नका. ३.० चं नाव पुढं ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १. वेग तोच, पाटी तेवढी बदलली. असं नामकरण करणाऱ्यांना एक दिवस माझ्या काउंटरवर बसवावं.

२०१४ ला टाइप-सी आली. उलटसुलट कशीही घाला, बसते. पण हा फक्त आकार. त्याच तोंडातून ४८० मेगाबिट जातं आणि यूएसबी-फोरचं ४० गिगाबिटही. विजेचं चिन्ह असलेलं थंडरबोल्ट, म्हणजे आणखी एक वेगवान जोडणी, तेही त्याच तोंडाचं. २०२३ चा आयफोन १५ घ्या: साध्या मॉडेलची चाल यूएसबी २.० ची, प्रोची १० गिगाबिट, आणि भोक दोघांचं एकच. तेव्हा वायर घेताना पिनेवर ५, १०, २०, ४० असा आकडा छापलाय का बघा. काहीच नसेल तर ती चार्जिंगची समजा आणि पैसेही त्याच हिशेबानं द्या.

आणि जुनं सगळंच टाकाऊ झालंय असं नाही हं. परवा एका ट्रान्सपोर्टवाल्यांकडे गेलो होतो. कॉम्प्युटर नवा, बिल्टी, म्हणजे मालाची पावती, छापायला प्रिंटर जुना डॉट मॅट्रिक्सच. तीन प्रती एकदम काढायच्या तर कागदावर सुईचा ठोका पडावा लागतो, लेझरला ते जमत नाही. यूएसबीचं कन्व्हर्टर लावून बघितलं, पण डॉस या जुन्या प्रणालीवरचं त्यांचं बिलिंग त्याला ओळखेना. त्याला खरं प्रिंटर पोर्टच हवं. शेवटी आत पॅरलल पोर्टचं, म्हणजे त्याच पंचवीस भोकांच्या पोर्टचं, कार्ड बसवलं, माळ्यावरची जुनी जाड वायर आणली, दोन्ही स्क्रू आवळले. प्रिंटर खरखरला. मालकांनी बिल्टी फाडली, वरच्या दोन बाजूला सारल्या आणि तिसरी प्रत दारातल्या उन्हात धरून बघितली.

"उमटलं की," म्हणाले.