पीटीच्या तासालाही निबंध : ब्रॉकटन हायस्कूलची गोष्ट

(दृश्य : विटांच्या जुन्या कारखान्यांची रांग, फुटक्या काचा)

बॉस्टनहून दक्षिणेला निघालं की तासाभरात ब्रॉकटन येतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिकांच्या पायांत इथले बूट होते. पुढे कारखाने बंद पडत गेले आणि गावाच्या नावाला चिकटून राहिलं ते बॉक्सिंग. ४९ लढती खेळून एकही न हरलेला रॉकी मार्सियानो इथलाच. गावच्या सरकारी हायस्कूलचे संघसुद्धा ‘बॉक्सर्स’ या नावानेच मैदानात उतरतात.

हे हायस्कूल म्हणजे एक गावच आहे. या गोष्टीच्या काळात एका छपराखाली चार हजारांवर मुलं होती! हैतीहून आलेल्या घरांतली, केप व्हर्दीहून आलेल्या घरांतली. कितीतरी मुलांच्या घरी इंग्रजी बोललं जात नाही, आणि बहुतेकांची परिस्थिती बेताची.

१९९८ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने एमकॅस ही परीक्षा पहिल्यांदा घेतली. हायस्कूलमध्ये ती दहावीच्या मुलांची असते. निकाल शाळावार जाहीर झाला. ब्रॉकटनमध्ये इंग्रजीत शंभरातली ४४ मुलं नापास होती आणि गणितात ७५. वर्तमानपत्रांत जी शोभा व्हायची ती झाली. खरी धास्ती पुढची होती. २००३ साली बाहेर पडणाऱ्या तुकडीपासून ही परीक्षा पास झाल्याशिवाय डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, मिळणार नव्हता. म्हणजे हाच निकाल राहिला असता तर शेकडो मुलं चार वर्षं शाळेत बसून रिकाम्या हाताने घरी गेली असती.

(दृश्य : ग्रंथालयातलं लांब टेबल, भोवती रिकाम्या खुर्च्या)

शिक्षकांची एक समिती बसली. पुढाकार घेणाऱ्यांत सुझन शाकोविट्झ होत्या. याच शाळेत शिकलेल्या, इथेच सामाजिक शास्त्रं विभागाच्या प्रमुख, आणि पुढे मुख्याध्यापक झालेल्या. समितीची पहिली युक्ती अगदी आपल्याकडच्या ‘अपेक्षित प्रश्नसंच’ छापाची होती. पेपरात शेक्सपिअर येतो ना, मग शेक्सपिअर पक्का करून घ्या! मुलांकडून शेक्सपिअर करून घेतला. पेपरात शेक्सपिअर आलाच नाही.

तेव्हा कुठे लोकांनी मुलांच्या उत्तरपत्रिका नीट बघायला घेतल्या. धडे राहिले होते असं नव्हतं. पोरांना उतारा वाचून त्याचा अर्थ लागत नव्हता, आणि लागलाच तर चार ओळीत मांडता येत नव्हता. यावर उपाय ठरला तो ऐकायला फारच साधा आहे. वाचणं, लिहिणं, बोलणं आणि विचार करून कारण देणं या चार गोष्टी प्रत्येक विषयात, प्रत्येक शिक्षकाने शिकवायच्या. चित्रकलेच्यासुद्धा. पीटीच्यासुद्धा.

(दृश्य : वर्गाच्या भिंतीवरचा तक्ता, कॅमेरा सावकाश जवळ जातो)

हा तक्ता बघा. उत्तर लिहिण्याच्या दहा पायऱ्या आहेत. आधी प्रश्न नीट वाचायचा. मग त्यातल्या महत्त्वाच्या शब्दांना गोल करायचे. तिसरी पायरी मला सगळ्यात आवडते : प्रश्नाचंच वाक्य करायचं आणि जे अजून माहीत नाही तिथे रिकामी जागा सोडायची. उतारा वाचायचा तो त्यानंतर. म्हणजे मूल वाचायला बसतं तेव्हा आपण काय शोधतोय हे त्याला ठाऊक असतं. मग टिपणं, कच्चा आराखडा, रिकामी जागा भरणं, लिहिणं, परिच्छेद पाडणं आणि शेवटी पुन्हा वाचून दुरुस्ती.

हे आधी शिक्षकांना शिकवावं लागलं. गणिताच्या माणसाने आयुष्यात कधी परिच्छेद तपासला नव्हता. कुरकुर झाली, आणि ती होणारच. बैठका किती लांबवायच्या यावर युनियनचा करार होता. तो मोडला नाही. ठरलेल्या वेळेतच प्रशिक्षण बसवलं. मग वेळापत्रक लागलं. या आठवड्यात या विभागाने लेखन घ्यायचं, पुढच्या आठवड्यात त्या. मुलांनी लिहिलेले कागद गोळा होऊन वर जायचे, तिथे वाचले जायचे. माझ्या मते सगळं यश या कागद गोळा करण्यात आहे. फतवे सगळ्याच शाळा काढतात.

(दृश्य : २००१ सालच्या निकालाचा आलेख)

२००१. डिप्लोमाची टांगती तलवार आल्यामुळे त्या वर्षी राज्यभरच गुण वाढले, हे सांगायला हवं. पण सगळ्यात जास्त सुधारणा झालेली शाळा ब्रॉकटन होती.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. ब्रॉकटन राज्यात पहिली आली, असं कुणी सांगितलं तर मानू नका. नुसत्या गुणांच्या यादीत बॉस्टनभोवतालच्या श्रीमंत उपनगरांच्या शाळा वर असतात, तेव्हाही होत्या. ब्रॉकटन वर आली ती वेगळ्या यादीत. आठवीत मूल कुठे होतं आणि दहावीपर्यंत ते किती पुढे सरकलं, हे मोजणाऱ्या यादीत. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रोनाल्ड फर्ग्युसन यांनी असं मोजलं, तेव्हा ही शाळा राज्यातल्या ९० टक्के हायस्कूलांच्या पुढे निघाली. त्यांनी नावाजलेल्या १५ शाळांत ती होती. २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तिच्यावर मोठा लेख केला. शाळा लहान असेल तरच सुधारते, हा तेव्हाचा लाडका समज होता. चार हजारांच्या या शाळेने तो खोटा पाडला.

(दृश्य : हिवाळ्यातली संध्याकाळ, बंद फाटक)

शाकोविट्झ २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. २०२३ मध्ये गावच्या शाळाखात्यात कोट्यवधी डॉलरची तूट निघाली, शिक्षक कमी केले गेले. २०२४ च्या सुरुवातीला या शाळेतली मारामारी एवढी हाताबाहेर गेली, की शाळा समितीच्या काही सदस्यांनी नॅशनल गार्ड, म्हणजे चक्क लष्करी दल पाठवा, अशी मागणी केली. राज्यपालांनी ती मानली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी कौल दिला : डिप्लोमासाठी एमकॅस पास होण्याची अट रद्द. परीक्षा मात्र अजून होते. दहावीची मुलं पेपरला बसतात, आणि शाळावार निकाल पूर्वीसारखाच जाहीर होतो.