मर्जीतली दासी

श्रोतेहो,

मराठी ऐतिहासिक कादंबरीत दासी पानोपानी भेटते, पण बहुतेक वेळा ती तबक घेऊन येते, निरोप सांगते आणि मुजरा करून पडद्याआड जाते. दूरचित्रवाणीच्या मालिकांत तर तिच्या नऊवारीला जात्यावरचे पीठ लागलेलेही मी कधी पाहिले नाही. क्वचित एखादी दासी थोडी पुढे येते, तेव्हा ती मर्जीतली असते. लेखक तिला दागिने देतो, तिच्या कमरेला कोठीच्या किल्ल्या लावतो, राणीच्या कानाशी लागण्याची मुभा देतो, आणि एवढे सगळे मिळालेली बाई जवळजवळ मोकळीच झाली, असे मनाशी धरून चालतो. मला आज या ‘जवळजवळ’विषयी बोलायचे आहे. माझे म्हणणे असे की मालकाच्या घरात गुलाम बाईच्या वाट्याला येणारी सवलत ही स्वातंत्र्याची खालची पायरी नसते. ती बहुधा तिला त्या घराशी अधिक घट्ट बांधून ठेवण्याची रीत असते. ज्या कादंबरीकाराला हा फरक दिसत नाही, त्याच्या हातून वाड्याचे वर्णन उत्तम उतरते, पण त्या वाड्यातली दासी काही जिवंत होत नाही.

आधी ही बाई कोण होती ते पाहू. अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत ती कुणबीण किंवा बटीक म्हणून येते. कोठी, मुदपाकखाना, थट्टी, इमारतीचे काम, किल्ल्यावरचे दळणकांडण, शेणगोठा ही तिची कामे. ती विकत घेतली जाई, बक्षीस दिली जाई, लेकीच्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर आंदण म्हणून पाठवली जाई. काही जणी दुष्काळात पोटासाठी विकल्या गेलेल्या, काही लढाईच्या धामधुमीत धरून आणलेल्या. काहींच्या बाबतीत तर खुद्द सरकारच मालक होते, कारण बदकर्माचा ठपका आलेल्या बाईला सरकारी कोठीत किंवा एखाद्या किल्ल्यावर कुणबीण म्हणून जमा करण्याची शिक्षा पेशवाईत दिली जात असे. अशा बाईचा अपराध पुष्कळदा एवढाच असे, की तिने स्वतःच्या देहाविषयी एक निर्णय कोणाला न विचारता घेतला होता. स्वातंत्र्याची गोष्ट शोधणाऱ्या लेखकांनी राणीवशाच्या सज्जाकडे पाहण्याऐवजी या किल्ल्यावरच्या जात्याकडे का पाहू नये, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

‘त्या काळी हे कोणाला खटकतच नव्हते’ असे म्हणून लेखकाला सुटताही येत नाही. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेवर असताना शिवाजी महाराजांनी डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला, त्यात आपल्या मुलखात स्त्री-पुरुष गुलामांची खरेदी करण्यास व त्यांना बाहेर नेण्यास स्पष्ट मनाई केली होती. म्हणजे माणसाची खरेदी-विक्री रोखण्याजोगी गोष्ट आहे, हा विचार त्या काळातही सुचू शकत होता. पुढे घराघरांत कुणबिणी राहिल्याच, हेही तितकेच खरे. १८१८नंतर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी इथली घरगुती गुलामगिरी सौम्य असल्याचा शेरा मारला, आणि आपल्या कादंबऱ्यांनी, माझ्या मते, तो शेरा बिनतक्रार उचलला. घरच्यासारखे वागवत, लेकीसारखे पाहत, हे सारे कुठे कुठे खरेही असेल. परंतु लेकीसारखी असलेली बाई आणि लेक यांच्यातला फरक आंदणाच्या यादीत कळतो. लेक सासरी जाताना यादीच्या वर असते, कुणबीण यादीत असते.

आता एका खऱ्या बाईकडे वळतो, कारण ‘सवलत’ म्हणजे काय ते तिच्याइतके नेमके दुसरे कोणी दाखवत नाही. १६८९ मध्ये रायगड पडला आणि येसूबाई व बालवयातले शाहू औरंगजेबाच्या छावणीत कैदेत गेले. शाहूंचे लग्न त्या छावणीतच लागले. बखरींच्या परंपरेत अशी हकिकत येते की बादशहाने नवरी पाहण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा खऱ्या सुनेला त्याच्यासमोर पाठविणे येसूबाईंना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी विरूबाई नावाच्या दासीला नवरीच्या वेषात पाठविले. पुढे या विरूबाईला शाहूंच्या घरात मोठा मान मिळाला. साताऱ्याच्या वाड्यात अंतःपुराचा कारभार तिच्या हाती होता, दोन राण्या हयात असताना तिचा शब्द चालत होता, आणि पारदच्या लढाईनंतर ज्या मुलाला शाहूंनी जवळ केले, तो फत्तेसिंह भोसले, म्हणजे अक्कलकोट घराण्याचा मूळ पुरुष, तिच्या देखरेखीखाली वाढला. १७४० मध्ये ती गेली तेव्हा छत्रपतींना फार दुःख झाले.

कादंबरीकाराला ही कथा आयती वाटते. दासीची राणी झाली, आणखी काय हवे? पण त्या वेष बदलण्याच्या प्रसंगापाशी जरा थांबा. एका राहुटीत बायका एका पोरीला सजवत आहेत. तिच्या कपाळी मुंडावळ्या बांधल्या जात आहेत, नाकात दुसऱ्या कोणाची तरी नथ घातली जात आहे, पदर सारखा केला जात आहे. लग्न तिचे नाही. ज्या धोक्याची सासूला भीती वाटते, तो धोका या पोरीने अंगावर घ्यायचा आहे, कारण त्या घराच्या हिशेबात सुनेला अब्रू आहे आणि दासीला ती जाण्याची सोयच नाही. तिला कोणी विचारले असेल का? ती नको म्हणाली असती तर काय झाले असते? हकिकत याविषयी एक अक्षर बोलत नाही, आणि नेमकी तिथेच कादंबरीची जागा आहे. विरूबाईचा पुढचा सारा मान या एका दिवसातून उगवला, असे मानले तर त्या मानाचे मूळ तिच्या कर्तृत्वापेक्षा तिला पणाला लावता येत होते या गोष्टीत आहे. नंतर ती कर्तबगार निघाली, हे तिचे स्वतःचे. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू न देणे, हे लेखकाचे काम.

यात आणखी एक पेच आहे. तिला पाठवणाऱ्या येसूबाई स्वतः कैदी होत्या, आणि त्यांना मोकळे होऊन परत यायला १७१९ साल उजाडले. ज्याच्या घरची ती दासी, तो मुलगाही कैदीच. कैदेतल्या माणसाचाही गुलाम असू शकतो, हे एकदा लक्षात आले की ‘वाड्यातल्या सगळ्याच बायका पिंजऱ्यात होत्या’ हे आपल्याकडचे लाडके वाक्य जरा जपून वापरावेसे वाटते. राणीला सुख होते असे मी म्हणत नाही. १७४९ मध्ये शाहू वारल्यावर त्यांच्या राणी सकवारबाई सती गेल्या आणि त्यामागे दरबारचे राजकारण होते, हे इतिहासकारांनी लिहिलेच आहे. तरीही सकवारबाईंना माहेर होते, कुळ होते, त्यांच्या नावाने उभी राहणारी माणसे होती. दासीच्या मागे असे कोणी नसते, आणि तिच्या निष्ठेची मालकाला जी एवढी खात्री वाटते ती त्यामुळेच. निष्ठावंत दासी रंगवताना आपण तिच्या निष्ठेचे गोडवे गातो, पण तिला दुसरीकडे जायला जागाच नव्हती ही बाब मात्र वर्णनातून गळते.

हाच पेच जगात इतरत्र कसा दिसतो, ते पाहण्यासाठी मी अमेरिकेतल्या व्हर्जिनियाकडे जातो. सॅली हेमिंग्ज ही थॉमस जेफरसनच्या मालकीची गुलाम, आणि त्याच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण. बाप एक, आई गुलाम, म्हणून मुलगीही गुलाम. १७८७ मध्ये ही चौदा वर्षांची मुलगी जेफरसनच्या धाकट्या मुलीची सोबत करत पॅरिसला गेली. फ्रान्समध्ये तिला कायद्याने स्वातंत्र्य मागता आले असते. तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये जे सांगितले ते असे, की ती परत यायला तयार नव्हती. तेव्हा जेफरसनने तिला खास सवलती देण्याचे आणि तिच्या मुलांना एकविसाव्या वर्षी मुक्त करण्याचे वचन दिले, आणि त्या वचनावर ती परतली.

सवलत आणि स्वातंत्र्य इतक्या उघडपणे तराजूच्या दोन पारड्यांत क्वचितच पडले असतील. सौदा करणारी मुलगी सोळा वर्षांची, पोटात मूल असलेली, समोरचा माणूस तिचा मालक आणि पुढे राष्ट्राध्यक्ष होणारा. तिने जे मिळवले ते थोडे नव्हते, कारण तिच्या मोठ्या झालेल्या चारही मुलांना पुढे मोकळीक मिळाली. पण तिला स्वतःला जेफरसनने कागदोपत्री कधीच मुक्त केले नाही. १८२६ मध्ये तो वारला आणि त्याच्या मालमत्तेची मोजदाद झाली, तेव्हा तिच्या नावापुढे ५० डॉलर ही किंमत लिहिली गेली. नंतर घरच्यांनी तिला आडवळणाने जाऊ दिले. या दोघांच्या नात्यावर प्रेमकथा लिहिण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मला त्या कथांविषयी एवढेच विचारायचे असते, की तो ५० डॉलरचा आकडा त्यांत कोणत्या प्रकरणात येतो.

मालकीण प्रेमळ असली तर? त्याचेही उत्तर अमेरिकेतच एका बाईने स्वतः लिहून ठेवले आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅरिएट जेकब्ज हिला तिच्या मालकिणीने वाचायला शिकवले, शिवण शिकवले, प्रेमाने वागवले. जेकब्ज बारा वर्षांची असताना ती मालकीण वारली. मृत्युपत्रात आपल्याला मोकळे केले असेल असे या मुलीला वाटत होते, प्रत्यक्षात मालकिणीने तिला आपल्या तीन वर्षांच्या भाचीला देऊन टाकले होते. पुढे त्या भाचीच्या बापाच्या जाचातून सुटण्यासाठी जेकब्ज आपल्या आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. माळा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच जागी तीन फूट, म्हणजे तिला तिथे उभे राहता येत नव्हते. भोक पाडून ती खाली खेळणारी आपली मुले पाहत असे. घरातल्या कामापेक्षा आणि मालकाच्या ‘मेहेरबानी’पेक्षा तिला तो माळा पत्करला. बाहेरून पाहणाऱ्याला तो तुरुंग दिसतो, पण तिथे कोण येणार हे ती ठरवत होती. पुढे १८५२ मध्ये एका हितचिंतक बाईने पैसे भरून तिला मोकळे केले, तेव्हा सुटकेच्या समाधानाबरोबर आपण न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी विकले गेलो याची चीडही तिला आली. गुलाम बाईच्या मनातली ही दुहेरी गाठ कल्पनेने सुचणे कठीण आहे, आणि आपल्याकडे कुणबिणीने स्वतः लिहिलेले असे काही हाती नसल्यामुळे मराठी लेखकाने जेकब्जसारख्यांचे लिखाण वाचणे फार गरजेचे आहे.

आता आपल्या लेखकांची अडचण. कारस्थानी, शेफारलेली दासी रंगवणे सोपे, कारण सत्तेजवळ असणारी हलक्या कुळाची बाई शिरजोरच असणार हा जुना ग्रह तयार असतो. अलीकडे याच्या उलट टोक दिसते. दासी पहिल्याच प्रकरणात आजच्या भाषेत मालकाला सुनावते आणि घोड्यावर बसून निघून जाते. टाळ्या मिळतात, पण ती जाणार कुठे? वाटेत चौक्या आहेत, गावात पाटील आहे, अनोळखी एकट्या बाईला पाणी देतानाही जात विचारली जाणार आहे. हे सारे बाजूला ठेवले, तर खऱ्या कुणबिणींनी जे बारीक बारीक प्रतिकार केले असतील त्यांची किंमतच उरत नाही. काम रेंगाळत ठेवणे, दुखण्याचे सोंग घेणे, दुसऱ्या कुणबिणीच्या मुलाला आपल्या वाटच्या भाकरीतली चतकोर देणे, म्हातारपणी सुटकेसाठी एखाद्या नातलगाकरवी सरकारात अर्ज पोचवणे. म्हातारपणामुळे किंवा बदली बाई दिल्यामुळे कुणबीण सोडल्याचे दाखले जुन्या कागदांत सापडतात. त्यांतला बदलीचा दाखला मला फार अस्वस्थ करतो, कारण तिथे एकीच्या स्वातंत्र्याची किंमत दुसरीने भरलेली असते. यावर मराठीत अजून कादंबरी झालेली नसेल, तर ती व्हावी.

आणि शेवट कसा करायचा, हाही लेखकापुढचा खरा प्रश्न आहे. अमेरिकेच्या कथेला गुलामगिरी बंद करणाऱ्या १८६५ सालच्या घटनादुरुस्तीचा दिवस मिळतो. आपल्याकडे असा दिवस नाही. कंपनी सरकारने १८४३ मध्ये केलेल्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीवर आधारलेला हक्क कचेरीत चालेनासा झाला, आणि गुलाम म्हटल्या जाणाऱ्या माणसाने मिळवलेली मालमत्ता त्याची स्वतःची ठरली. मात्र कोणी दवंडी पिटून वाड्यावाड्यांतल्या कुणबिणींना ‘तुम्ही मोकळ्या झालात’ असे सांगितले नाही. सातारा तेव्हा कंपनीच्या मुलखात नव्हते, ते १८४८ मध्ये खालसा झाले. त्यामुळे वाईच्या एखाद्या वाड्यात दळण दळणारी बाई नक्की कोणत्या तारखेला कुणाच्या मालकीची राहिली नाही, हे तिलाही कळले नसेल. तिच्याभोवती वाडा तोच, जाते तेच, मालकीणही तीच. फरक पडला असेल तो एवढाच, की ती निघून गेली असती तर तिला परत आणायला आता कचेरीचा शिपाई येणार नव्हता, आणि ही गोष्ट तिच्या कानावर कोणी, कधी आणि कशासाठी घातली असेल, हे कादंबरीकाराने शोधायचे आहे.