मेट्रोतल्या करंड्या, बागेतल्या छत्र्या

नमस्कार. चीनला एकटी जाऊन आले असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भीती नाही का वाटली?" आणि दुसरा, "खाल्लंस काय?" दोन्हींकडे मी येणार आहे. पण मला जे मनापासून सांगायचंय ते आधी सांगते.

चीनच्या शहरांचे जे व्हिडिओ आपण पाहतो त्यांत उंच इमारती असतात, रात्रीची रोषणाई असते, ताशी साडेतीनशे किलोमीटरने धावणाऱ्या गाड्या असतात. ते सगळं खरं आहे. शांघाय टॉवर ६३२ मीटर उंच आहे, आणि त्याच्या पायथ्याशी उभं राहून वर बघताना कुणीही थक्क होईल. पण माझ्या मनात घर केलं ते जमिनीवरच्या जागांनी. बागा, चौक, मेट्रोचे डबे, आणि तिथे एक पैसाही खर्च न करता तासन् तास बसलेली म्हातारी माणसं. शहर कुणाला किती जागा देतं आणि कुणाला नाकारतं, हेच मी मग प्रत्येक ठिकाणी बघू लागले.

शांघायच्या अगदी मध्यावर पीपल्स पार्क आहे. शहरात परदेशी वसाहती होत्या तेव्हा या जागी घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. आज तिथे शनिवार-रविवारी दुपारी गेलात तर पायवाटेच्या दोन्ही बाजूंना उघड्या छत्र्या जमिनीवर ठेवलेल्या दिसतात. प्रत्येक छत्रीवर चिमट्याने एक कागद लावलेला. मागे छोट्या स्टुलावर कुणाची तरी आई किंवा वडील. हा लग्नाचा बाजार आहे. मुलगा-मुलगी स्वतः बहुधा तिथे नसतात. कित्येकांना आपला कागद तिथे लागलाय याचा पत्ताही नसतो.

मी मोबाइलमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपने ते कागद वाचत फिरले. जन्मवर्ष, उंची, शिक्षण, महिन्याचा पगार, स्वतःचं घर आहे का, असलं तर कर्ज फिटलंय का. आपल्या वधू-वर सूचक मंडळाच्या वह्या ज्यांनी चाळल्यात त्यांना यात काहीच नवीन वाटणार नाही. एका काकूंनी माझंही जन्मवर्ष विचारलं. मी सांगितलं, त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि काळजीने मान हलवली. त्या मान हलवण्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

पण त्या कागदांवर एक रकाना असा होता, जो आपल्याकडे नसतो. हुकोऊ. म्हणजे कुटुंबाची सरकारदरबारी असलेली नोंद, तुम्ही कुठले रहिवासी याची. १९५८ च्या कायद्याने ही पद्धत देशभर पक्की झाली. नंतर ती बरीच सैल झाली, लहान शहरांत तर खूपच. पण शांघाय-बीजिंगसारख्या शहरांची नोंद मिळणं आजही महाकठीण आहे. ही नोंद गावाकडची असेल, तर शहरात वर्षानुवर्षं राबूनही मुलांना तिथल्या सरकारी शाळेत घालणं अवघड जातं, आणि विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी मुलाला बहुतेक वेळा मूळ गावीच परतावं लागतं. गाव सोडून किंवा शेती सोडून मजुरीला लागलेल्या माणसांची संख्या चीनमध्ये सुमारे ३० कोटी आहे. त्यांच्यातल्या अनेकांची मुलं आजी-आजोबांपाशी गावात वाढतात. "शांघायचं हुकोऊ" ही ओळ त्या कागदावर पगाराच्या शेजारी का असते, ते मला हे समजल्यावर कळलं. ज्या बागेत कुणीही येऊन बसू शकतं, त्याच बागेत हेही लिहिलेलं असतं की शहर कुणाचं आहे आणि कुणाचं नाही. चीनचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. ज्यांनी ते उंच टॉवर बांधले, त्यांच्यातले किती जण आज त्या शहराचे रहिवासी म्हणून नोंदले गेले असतील?

आता छोंगछिंग. यांगत्से आणि जियालिंग या दोन नद्यांच्या संगमावर, डोंगरउतारावर वसलेलं अफाट शहर. रस्त्यावरून एखाद्या इमारतीत शिरावं, लिफ्टने खूप खाली उतरावं, आणि दार उघडल्यावर समोर पुन्हा रस्ताच असावा, असं तिथे सारखं होतं. लिझिबा नावाच्या स्टेशनात मोनोरेल रहिवासी इमारतीच्या पोटातून आरपार जाते. इमारत आणि स्टेशन एकत्रच आखलेलं होतं. खाली खास कट्टा बांधलाय आणि शेकडो माणसं तोंड वर करून फोटो काढत असतात. मीही काढले.

पण माझं खरं छोंगछिंग पहाटेचं आहे. तिथल्या मेट्रोच्या चार नंबरच्या मार्गावर शिछुआन नावाचं स्टेशन आहे, शहराच्या पार बाहेर. दार उघडायच्या आधीपासून शेतकरी तिथे जमलेले असतात, बहुतेक साठी-सत्तरीचे. पाठीवर बांबूची मोठी करंडी. तिचे दोन पट्टे खांद्यावरून घेतलेले, झिजून गुळगुळीत झालेले. करंडीत मुळे, पालेभाज्या, कांद्याची पात. जुड्या गवताच्या काडीने बांधलेल्या आणि दव अजून तसंच. आत शिरल्यावर करंड्या ओळीने जमिनीवर टेकवल्या गेल्या, जुड्या सारख्या करून घेतल्या गेल्या. एका आजीबाईंनी पाल्यातली पिवळी पानं खुडून स्वतःच्या पिशवीत टाकली. डब्यात एकही पान पडलं नाही. माझ्याकडे पाहून त्यांनी एक मुळा पुढे केला. मी हातानेच नको नको केलं, तर त्यांनी तो माझ्या पिशवीत खोचला.

या करंड्या मेट्रोत चालणार नाहीत, असं म्हणणारे तिथेही होते. डबा घाण होतो, जागा अडते, ही तक्रार समाजमाध्यमांवर झाली. मेट्रोने शेतकऱ्यांना अडवलं नाही. माल मध्ये कुणी दलाल न ठेवता थेट शहरात विकता येतो, म्हणून ते येत राहिले. हे पाहताना मला मुंबईची लोकल आठवली. तिच्यात लगेजचा डबा आहे. कोळणी, भाजीवाल्या, डबेवाले त्यातून पिढ्यान् पिढ्या जात आले. आपण नव्याने बांधलेल्या मेट्रोंना असा डबा नाही. ज्या शहाणपणाने एकेकाळी लोकलचा डबा आखला गेला, ते मेट्रो आखताना कुठे गेलं, हा प्रश्न मी मुद्दाम इथे, तुमच्यासमोर मांडते आहे. काचेची चकचकीत स्टेशनं बांधणं अवघड नाही. पाटीवालीला त्यात सन्मानाने उभं राहता यावं, यासाठी मनाची तयारी लागते.

खाण्याचं विचारता, तर छोंगछिंगचा झणझणीत हॉटपॉट, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्शात पदार्थ शिजवून खायचा प्रकार, प्रसिद्ध आहे. मात्र त्याचा रस्सा परंपरेने गाईच्या चरबीत होतो, तेव्हा न खाणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. मी भात, टोफू, वांगी आणि नूडल्सवर मजेत राहिले. तिथल्या जेवणातला जिभेला मुंग्या आणणारा मसाला कोकणातल्या माणसाला लगेच ओळखू येईल, कारण तो आपल्या तिरफळाचा सख्खा भाऊबंद आहे. दोन्ही झाडं एकाच कुळातली, एकाच प्रजातिसमूहातली. बांगड्याच्या आमटीतला वास मला तिथे मिरच्यांच्या ढिगात सापडला.

आता भीती. मी रात्री अकरा वाजताही एकटी चालले, आणि मागे वळून बघावंसं वाटलं नाही. आपल्या मुलींना हा अनुभव काय असतो हे शब्दांत सांगणं कठीण आहे. खांद्यांतला ताण निघून गेल्यावर कळतं की तो कायम होता. संध्याकाळी चौकाचौकांत बायका स्पीकर लावून सामूहिक नाच करतात, पन्नाशी-साठीच्या, ओळीत, एका तालात. त्यांच्या आवाजाचा शेजाऱ्यांना इतका त्रास होतो की २०२२ मध्ये लागू झालेल्या ध्वनिप्रदूषण कायद्यात अशा मैदानी करमणुकीचीही दखल घ्यावी लागली. पण रस्त्यावर इतक्या बायका असल्या की बाकीच्या बायकांनाही रस्ता आपला वाटतो. माझ्या निर्भयपणाचं मोठं श्रेय मी त्यांना देते.

दुसरं कारणही सांगितलं पाहिजे. कॅमेरे सगळीकडे आहेत. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनात बॅग तपासतात. रेल्वेचं तिकीट पासपोर्टला जोडलेलं असतं, हॉटेलात शिरताच पोलिसांकडे नोंद होते, चहाचे पैसेसुद्धा बहुतेक ठिकाणी फोननेच द्यायचे. म्हणजे मी कुठे होते, काय प्यायले, कितीला, याची कुठेतरी नोंद आहे. माझ्यासारख्या पाहुण्या बाईला यात सुरक्षित वाटलं. सरकारविरुद्ध दोन शब्द बोलू पाहणाऱ्या तिथल्या माणसाला ते कसं वाटत असेल, याचा विचार मी करत राहिले. मुलींना रात्री मोकळेपणाने फिरता आलं पाहिजे, ही माझी मागणी आहे. तिची किंमत म्हणून ही पाळत मात्र मला मान्य नाही.

शेवटी, सोलापुरात बोलते आहे तर शिजियाझुआंगबद्दल बोलल्याशिवाय कशी थांबू? पर्यटकांच्या यादीत हे शहर नसतं. रेल्वेचं मोठं जंक्शन, कारखाने, हिवाळ्यात धुरकट हवा. पण आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी तिथल्या हुतात्मा स्मारकाच्या उद्यानात आहे. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्याच युद्धात जखमींवर उपचार करणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांची समाधीही याच उद्यानात आहे. मी गेले तेव्हा एक शिक्षिका शाळेच्या मुलांना कोटणीसांच्या पुतळ्यासमोर उभं करून त्यांची गोष्ट सांगत होती. मी सोलापूरची आहे हे अ‍ॅपवर टाइप करून दाखवलं, तेव्हा तिने मुलांना थांबवलं आणि मला पुढे बोलावून गावाबद्दल विचारलं. चादरी, कापडगिरण्या, उन्हाळा, जेवढं सुचलं तेवढं मी सांगितलं. मुलांनी विचारलं, कोटणीसांचं घर अजून आहे का? आहे म्हटलं, आणि तिथे स्मारकही आहे.

बीजिंगहून वेगवान गाडीने हे शहर साधारण दीड तासावर आहे. कुणी चीनला जाणार असाल तर एक दिवस त्यासाठी ठेवा. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्यासारखंच, अक्षर न् अक्षर तेच असू द्या, आणि पासपोर्ट हाताशी ठेवा, कारण वेगळं कागदी तिकीट मिळत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.