सुभेदार गप्प राहिले

पालक सभेला बोलावलंत, म्हणजे मी मुलांना चार शब्द सुनवावेत अशी तुमची अपेक्षा असणार. ते काम घरी रोज होतंच, मी त्यात भर घालत नाही. आज मी एका बापलेकाबद्दल बोलणार आहे. बाप म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ, लष्करी शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर राहिलेले. लेक भीमराव. पुढचं नाव सांगायला नको.

सुरुवात मात्र चोरीपासून करू. साताऱ्याला असतानाची गोष्ट. आई गेलेली, वडिलांनी दुसरं लग्न केलेलं, आणि ते पोराला अजिबात रुचलेलं नव्हतं. बापाच्या जिवावर जगायचं नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम धरायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं. गाडीभाड्याचं काय? आत्या कमरेला पैशाची पिशवी खोचून झोपायची. तिच्या शेजारी झोपून त्यानं तीन रात्री प्रयत्न केला, चौथ्या रात्री पिशवी हाताला लागली. उघडून पाहतो तर आत अर्धा आणा! स्वतःचीच इतकी लाज वाटली की पळून जायचा बेत तिथंच सुटला. उनाडक्या सोडायच्या, नीट अभ्यास करायचा आणि लवकर स्वतःच्या पायावर उभं राहायचं, असा निश्चय त्यानं केला. ही आठवण बाबासाहेबांनीच सांगून ठेवलेली आहे. म्हणजे पहिली जिद्द आली ती बापाच्या उपदेशातून नव्हे, बापावरच्या रागातून. पालकांनी यावर नाराज होऊ नये.

1904 च्या सुमारास हे कुटुंब मुंबईला आलं आणि परळच्या डबक चाळीत राहू लागलं. खोली एकच. चूल, भांडी, जळण, जातं, कोपऱ्यात शेळी, आणि उरलेल्या जागेत माणसं. पोरानं लवकर झोपायचं, सुभेदारांनी रात्री दोनपर्यंत जागायचं आणि मग त्याला उठवून स्वतः आडवं व्हायचं, असा शिरस्ता होता. काच नसलेल्या मिणमिणत्या दिव्यावर अभ्यास चाले. ‘अभ्यास कर रे’ असं सांगायला दोन सेकंद लागतात. त्यासाठी रोज दोन वाजेपर्यंत जागणं जरा जड जातं, नाही का?

पुस्तकांचंही तसंच. पेन्शन महिन्याला पन्नास रुपये. पोरानं नवं पुस्तक मागितलं की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. आधी धाकटीकडे, तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. रोख नसेल तर दागिना मागून घ्यायचा, मारवाड्याकडे गहाण टाकायचा, पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. भीमरावाचा मोठा भाऊ आनंदराव शाळा सोडून कामाला लागला, कारण दोघांचं शिक्षण झेपणारं नव्हतं. एकाची महत्त्वाकांक्षा घरातल्या किती जणांच्या खर्चानं वाढते, याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही.

आता मला ज्यासाठी ही गोष्ट सांगायची होती, तिथं येतो. 1956 मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेब वडिलांबद्दल बोलले आहेत. पोरगा परीक्षा पास झाला म्हणून समाजातल्या मंडळींना सभा भरवायची होती. सुभेदारांनी साफ नकार दिला. एक परीक्षाच तर पास झालाय, सत्कार केला तर डोक्यात हवा जाईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांचे स्नेही कृष्णराव केळुसकर मध्ये पडले, थोडी वादावादी झाली आणि सभा झाली. केळुसकर अध्यक्ष होते. त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाच्या हातात ठेवलं. बापाचं म्हणणं त्या दिवशी चाललं असतं, तर ते पुस्तक त्या वेळी हाती आलं नसतं.

सुभेदार कबीरपंथी. रोज रात्री मुलांकडून रामायण-महाभारत मोठ्यानं वाचून घ्यायचे. पोरानं एकदा विचारलं, हे आम्ही का वाचायचं? बापानं उत्तर दिलं की आपण अस्पृश्य, तुमच्या मनात कमीपणाची भावना येणं साहजिक आहे. द्रोण बघा, कर्ण बघा, साधी माणसं, पण कुठवर चढली! वाल्मीकी तर कोळी होता.

किती विचार करून दिलेला सल्ला आहे हा! पोराला त्यात तथ्य जाणवलं, पण समाधान झालं नाही. तो म्हणाला, मला भीष्म-द्रोण आवडत नाहीत, कृष्ण आवडत नाही, आणि वालीशी व सीतेशी जो वागला तो रामही आवडत नाही. यावर सुभेदार गप्प राहिले. आत बंड पेटलंय हे त्यांनी ओळखलं, असं बाबासाहेब लिहितात. ही चुप्पी मला सगळ्या उपदेशांपेक्षा मोलाची वाटते. त्या काळच्या लष्करी बापाचा हात उठायला वेळ लागत नसे, आणि इथं पोरगं थेट रामावर बोलत होतं.

पुढे बी.ए. झाल्यावर बडोद्याची नोकरी धरू नको असं वडील सांगत होते, तरी 1913 च्या जानेवारीत भीमराव गेलेच. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरले आणि गाडी सुटून गेली. मुंबईला पोचायला उशीर झाला. 2 फेब्रुवारीला सुभेदार गेले. लेकाच्या पाठीवर हात फिरवण्याइतकीच सवड मिळाली.

त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले. तिथून त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यांना पत्र लिहिलं. आई-बाप जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही समजूत आता सोडून द्या, मुलांचं नशीब आई-बाप घडवू शकतात, असं त्यात आहे. लगेच ते मुलींकडे वळतात. मुलांच्या जोडीनं मुली शिकल्या तर आपली प्रगती झपाट्यानं होईल, त्याची फळं तुम्हांला तुमच्याच मुलीत दिसताहेत, असं त्या स्नेह्यांना कळवतात.

हे लिहिणाऱ्याची शाळेची पुस्तकं बहिणींच्या दागिन्यांवर आलेली होती.