डेरीनामकचं दार

आयर्लंडमधले विकलो डोंगर. इमाल खोऱ्याच्या बाजूला डेरीनामक इथं चुन्यानं रंगवलेलं, गवतानं शाकारलेलं एक घर आहे. इथं आलात तर आधी दारात उभे राहा. या घराची कथा दारातच घडली.

15 फेब्रुवारी 1799 ची रात्र. ब्रिटिश सत्तेविरुद्धचा आदल्या वर्षीचा उठाव चिरडला गेला होता, पण बंडखोरांचा म्होरक्या मायकल ड्वायर डोंगर सोडत नव्हता. खबऱ्यानं फितुरी केली आणि सरकारी फौजेनं घराला वेढा घातला. आत चौघं होते. बायकामुलांना आधी जाऊ द्या, ही ड्वायरची अट. ती बाहेर पडली आणि गोळीबार सुरू झाला.

दगडी भिंतींनी गोळ्या अडवल्या. घात केला छपरानं. गवत पेटलं की आतल्यांना बाहेर पडावंच लागतं. दोघे मारले गेले. ड्वायरचा उरलेला साथीदार, उत्तरेकडच्या अँट्रिमहून आलेल्या सॅम मॅकअॅलिस्टरचा हात गोळीनं निकामी झाला होता.

इथं लोककथा फार नेमकं बोलते. शिपायांच्या बंदुका ठासणीच्या, एका बाराच्या. काडतूस दातानं फाडायचं, दारू ओतायची, गोळी गजानं ठासायची. सरावलेल्या हातालाही पंधरा-वीस सेकंद लागतात. मॅकअॅलिस्टर दारात उभा राहिला. बंदुका त्याच्यावर झाडल्या गेल्या, आणि त्या पुन्हा भरेपर्यंत ड्वायर अंधारात निसटला.

सरकारनं मग डोंगरच फोडायचं ठरवलं. 1800 ते 1809 या काळात डब्लिनजवळच्या रॅथफार्नमपासून दक्षिणेला अखावॅनापर्यंत लष्करी रस्ता बांधला, त्याच्या आधाराला ग्लेनक्री, लॅरासारख्या ठिकाणी बराकी उभारल्या. सॅली गॅप या खिंडीवरून जाणारी आजची मोटारींची वाट तीच. रस्ता पुरा होण्याआधीच, डिसेंबर 1803 मध्ये, ड्वायर शरण आला. त्याला ऑस्ट्रेलियाला नेणाऱ्या जहाजाचं नाव होतं ‘टेलिचेरी’, म्हणजे आपल्या मलबार किनाऱ्यावरचं तलश्शेरी.

ड्वायर लपायचा म्हणून दाखवतात त्या जागा शोधायला निघालात तर एक पक्कं ध्यानात ठेवा: इमाल खोऱ्यात आयरिश सैन्याचं तोफांच्या सरावाचं मैदान आहे. लाल निशाण दिसलं की मागे फिरा. निशाण नसलं तरी खुणेच्या वाटा सोडू नका, आणि पडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावू नका. न फुटलेला गोळा असू शकतो.

परतताना बॉल्टिंग्लासच्या मुख्य रस्त्यावर थांबा. 1904 मध्ये लोकांनी तिथं उठावाचं स्मारक उभारलं. पुतळा ड्वायरचा नाही. मॅकअॅलिस्टरचा आहे.