साखरवाल्यांचं एक पत्र आणि जगाच्या आरोग्याचा पैसा

नमस्कार मंडळी. आज थेट एका पत्रापासून सुरुवात करू.

एप्रिल २००३. जागतिक आरोग्य संघटना आहारावरचा एक अहवाल काढते. त्यात म्हटलेलं असतं की रोजच्या एकूण ऊर्जेत साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत हवा. ही साखर म्हणजे वरून घातलेली, शिवाय मधातली आणि फळांच्या रसातली. त्याच सुमाराला संघटनेच्या तेव्हाच्या महासंचालक ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांना अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संघटनेचं पत्र येतं. आशय असा, की हा अहवाल मागे घ्या, नाहीतर अमेरिकेकडून तुम्हाला मिळणाऱ्या ४० कोटी ६० लाख डॉलरचा विषय आम्ही काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, काढायला लावू.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे नाक दाबून तोंड बंद करायचं होतं!

अहवाल निघाला, मागे घेतला गेला नाही. पण पुढच्याच वर्षी सगळ्या देशांनी मिळून आहाराचं जे जागतिक धोरण मंजूर केलं, त्यात १० टक्क्यांचा आकडा नव्हता. 'साखर मर्यादित ठेवा', एवढंच. तोच आकडा संघटनेची अधिकृत शिफारस म्हणून आला तो थेट २०१५ मध्ये.

आता प्रश्न असा, की अशी धमकी द्यायची हिंमत होतेच कशी? त्यासाठी हिशेबाची वही उघडायला लागेल.

या संघटनेकडे पैसा दोन वाटांनी येतो. पहिली सदस्य देशांची ठरलेली वर्गणी. देशाची ऐपत आणि लोकसंख्या बघून ती ठरते, आणि कशावर खर्च करायची ते संघटना ठरवते. दुसरी वाट ऐच्छिक देणग्यांची. त्या सरकारं देतात, गेट्स फाउंडेशनसारख्या संस्था देतात, आणि बहुतेक वेळा आधीच सांगून देतात, की हा पैसा पोलिओसाठी, तो अमुक देशातल्या तमुक कामासाठी. पोलिओचं काम मोलाचं आहे, वाद नाही. पण ठरलेली वर्गणी एकूण पैशाच्या पाचव्या हिश्शापेक्षाही खाली गेली होती. म्हणजे जगात कुठला आजार महत्त्वाचा, हे बऱ्याच अंशी देणगीदार ठरवणार.

आणि ज्या कामाचा फोटो काढता येत नाही, त्याला देणगीदार मिळत नाही. साथींवर नजर ठेवणं हे असंच काम. २००९ ची फ्लूची महासाथ ओसरली, आणि २०१४-१५ च्या अंदाजपत्रकात साथींना तोंड देण्याची तरतूद जवळपास निम्म्यावर आली. गरज सरो, वैद्य मरो. मार्च २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात इबोला हा जीवघेणा विषाणूजन्य आजार असल्याचं नक्की झालं. संघटनेनं जागतिक आणीबाणी जाहीर केली ८ ऑगस्टला. त्या साथीत ११ हजारांहून जास्त माणसं गेली. सगळा दोष पैशाचा नव्हता, संघटनाही ढिली पडली. पण अग्निशमन दलाचे बंब विकून आग विझवायला उशीर का झाला, असं विचारण्यातलाच हा प्रकार.

बरं, देशांनी आपापलं बघितलं तर नाही का चालणार? फ्लूचं बघा. १९५२ पासून देशोदेशीच्या प्रयोगशाळा विषाणूंचे नमुने एकमेकींना पाठवतात. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, तज्ज्ञ बसून ठरवतात की पुढच्या हंगामाच्या लसीत कुठले प्रकार घ्यायचे. एकट्या देशाला, कितीही श्रीमंत असला तरी, हे जमणारं नाही, कारण नवा विषाणू कुणाच्या अंगणात उगवेल ते सांगता येत नाही.

पण हे सगळं चालतं भरवशावर. २००७ मध्ये इंडोनेशियानं बर्ड फ्लूचे नमुने द्यायचं थांबवलं. त्यांचं म्हणणं असं, की विषाणू आमचा, त्यावरून लस बनवणार परदेशी कंपन्या, आणि ती आम्हाला परवडणार नाही! आडमुठेपणा म्हणून जगभर टीका झाली. मला तरी त्यांच्या मुद्द्यात दम वाटतो. चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर, २०११ मध्ये, तोडगा निघाला. प्रयोगशाळांच्या या जाळ्याचा फायदा घेणाऱ्या कंपन्यांनी दरवर्षी पैसे भरायचे आणि महासाथ आली तर लसीचा काही भाग संघटनेसाठी राखायचा. असा तोडगा काढायला मध्ये कुणीतरी असं लागतं, ज्याच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास बसेल. कंपन्यांच्याच पैशावर जगणाऱ्या मध्यस्थाचं इंडोनेशियानं ऐकलं असतं का?

देशांना हे कळतं. २०२२ मध्ये त्यांनी ठरवलं, की २०३०-३१ पर्यंत मूळ अंदाजपत्रकाचा निम्मा भाग ठरलेल्या वर्गणीतून यावा. पण साखरवाल्यांच्या पत्राचा रोख एका देशाच्या पैशावर होता, हे विसरू नका. वर्गणीसुद्धा एकाच खिशातून फार आली, तर तो खिसा बोलायला लागतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं बाहेर पडायचा आदेश काढला, आणि संघटनेच्या २०२६-२७ च्या अंदाजपत्रकाचा ५.३ अब्ज डॉलरचा प्रस्ताव ४.२ अब्जांवर आणावा लागला. मे महिन्यात बाकीच्या देशांनी वर्गणीत २० टक्के वाढ मान्य केली, हे चांगलंच झालं. त्याच बैठकीत चीननं पाच वर्षांत ५० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. टाळ्या पडल्या असतील, पण एका बड्या वर्गणीदाराच्या जागी दुसरा बडा वर्गणीदार बसला, तर पुढचं पत्र फक्त वेगळ्या पत्त्यावरून येईल.