प्रोमोन्टरीचा फोटो आणि मागे उरलेल्या खुणा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या यूटामध्ये प्रोमोन्टरी समिट नावाची जागा आहे. अमेरिका आरपार जोडणाऱ्या पहिल्या रेल्वेमार्गासाठी पूर्वेकडून युनियन पॅसिफिक आणि पश्चिमेकडून सेंट्रल पॅसिफिक या दोन रेल्वे कंपन्या रूळ टाकत आल्या आणि १० मे १८६९ रोजी ते रूळ इथे जुळले. अँड्र्यू रसेल यांनी त्या दिवशी काढलेला फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दोन इंजिनं समोरासमोर, मधे हात मिळवणारे दोन अभियंते, आणि इंजिनांवर चढून बाटल्या पुढे करणारी माणसं.

तेव्हा काचेवर रसायनाचा ओला थर द्यायचा, तो सुकायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. म्हणजे अंधारी खोलीसुद्धा बरोबर वागवायची! पण त्या काचांवर तपशील किती बारीक उतरलाय पाहा. फोटोतली ‘ज्युपिटर’ आणि ‘११९’ ही इंजिनं पुढे भंगारात गेली. १९७९ साली त्यांच्या प्रतिकृती तयार झाल्या, त्या मुख्यतः जुने फोटो मोठे करून, त्यांवरून भागांची मापं काढून.

तो मार्ग मात्र टिकला नाही. १९०४ मध्ये ग्रेट सॉल्ट लेक ओलांडणारा जवळचा मार्ग झाला, प्रोमोन्टरीची वर्दळ ओसरली आणि १९४२ मध्ये युद्धासाठी तिथले रूळ उखडून नेले. रुळांखालचे मातीचे भराव तेवढे राहिले. काही ठिकाणी तर शेजारी शेजारी दोन भराव दिसतात. सरकारी मदत मैलांच्या हिशोबाने मिळायची आणि कुठे भेटायचं हे एप्रिल १८६९ पर्यंत ठरलंच नव्हतं. त्यामुळे दोन्ही कंपन्यांच्या टोळ्या एकमेकींना ओलांडून माती टाकत पुढे गेल्या. रसेल यांच्या फोटोतल्या हस्तांदोलनामागची ही चढाओढ कळते ती जमिनीवरूनच.

आणि त्या गर्दीत जवळजवळ दिसतच नाहीत ते चिनी मजूर. सेंट्रल पॅसिफिकच्या कामावर ते हजारोंनी होते. त्यांची खूण शोधायची तर कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडाच्या डोंगरात, डोनर खिंडीजवळ जावं लागतं. तिथला सहा नंबरचा बोगदा १,६५९ फूट लांब आहे. ग्रॅनाइट इतका कठीण, की दोन्ही तोंडांकडून आणि मधे विहीर खणून तिच्या तळापासून दोन्ही दिशांना असं चार बाजूंनी काम चालायचं, तरी दिवसाला काही इंचच पुढे सरकायचं. हातोडा, पहार, सुरुंगाची दारू, पुढे नायट्रोग्लिसरीन. १९९३ मध्ये या बोगद्यातून गाड्या बंद झाल्या. आज भिंतीवरून हात फिरवला की पहारीने पाडलेल्या भोकांच्या खाचा लागतात. जवळच सिमेंटशिवाय रचलेली दगडी भिंत उभी आहे, तिला लोक ‘चायना वॉल’ म्हणतात.

सेंट्रल पॅसिफिकचे छायाचित्रकार आल्फ्रेड हार्ट यांनी या डोंगरातल्या कामाचे फोटो घेतले आणि त्यांतल्या काहींत हे मजूर दिसतात. पाठ्यपुस्तकात प्रोमोन्टरीचा फोटो छापताना शेजारी हार्ट यांचा एखादा तरी छापावा, असं मला मनापासून वाटतं.